नाव झाकलेली कॅसेट

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

प्रिय अक्का,

आत्तापर्यंत मी टेपरेकॉर्डरचं हेड कापसाच्या बोळ्यानं आणि स्पिरिटनं पुसत बसलो होतो. ते कालही पुसलं होतं आणि परवाही. म्हणजे पुसण्याची काही गरज नव्हती. तुला लिहायला बसणं टाळत होतो, एवढंच. अप्पा आतल्या खोलीत झोपले आहेत. ते उठायच्या आत हे पत्र लिहून व्हायला हवं.

तुझ्या गाण्यांची कॅसेट दसऱ्याच्या आधीच पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, अप्पांना ऐकव, पण आवाज कुणाचा ते सांगू नकोस, आणि ते जे म्हणतील ते गोड न करता जसंच्या तसं कळव. अप्पांचं मत मिळालं आहे, अक्का. ते चांगलं आहे. तू सहा वर्षं ज्याची वाट पाहिलीस तेच आहे. पण तेवढंच एका ओळीत लिहून पाठवलं तर ते खोटं होईल असं मला वाटतं, आणि सगळं लिहिलं तर तुला त्रास होईल असंही वाटतं. या विचारात दिवाळी गेली. दोनदा पत्र लिहून फाडलं. माझं शिक्षण अर्धवट, शब्द चुकीचा पडेल ही धास्ती मला नेहमीचीच, पण या वेळी शब्दकोश उघडून भागेना. म्हणून जसं घडलं तसं ओळीनं सांगतो.

नाव लपवायची युक्ती तू अप्पांवरच उलटवलीस, हे चिठ्ठी वाचताच लक्षात आलं. रेकॉर्ड कंपनीत तीस वर्षं त्यांनी तोच नियम चालवला. नव्या गायिकेची नमुन्याची टेप आली की डब्यावरच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची, वर नुसता नंबर. कुणी मंत्र्याची भाची असो की वितरकाची सून, अप्पांच्या कानाला ती नंबरच. ऐकून शेरा लिहायचा, सही करायची आणि मगच पट्टी काढायची. एक्याण्णव साली तूही आम्हाला कुणाला न सांगता तुझी टेप तशीच आत सरकवलीस. अप्पांनी शेरा लिहिला, "आवाज उत्तम. गाणं उसनं. नापास." पट्टी निघाली तेव्हा सगळं ऑफिस बघत होतं, आणि अप्पांनी शेरा बदलला नाही. त्या आठवड्यात तू पुण्याला गेलीस. मला तेव्हा अप्पांचा राग आला होता, आणि तुझाही. आई असती तर तिनं दोघांना एका ताटावर बसवलं असतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

तर मीही तुझ्या कॅसेटवर पट्टी चिकटवली आणि रविवारची वाट पाहिली, कारण रविवारी देवाप्पा येतात. तू त्यांना शेवटचं पाहिलंस त्यापेक्षा ते फार वाळले आहेत, पण तो माणसाएवढा डबल बास अजून त्यांच्याच्यानं उचलवतो. दोघं कॅन्टोनमेंटच्या क्लबात एकाच जाझ बँडमध्ये होते, अप्पा क्लॅरिनेटवर आणि हे बासवर, ती गोष्ट ते दर रविवारी नव्यानं सांगतात. हल्ली त्यांचं बोलणंच घरात जास्त असतं. अप्पा कमी बोलतात. संगीताचा विषय निघाला की मात्र पहिल्यासारखे सुरू होतात.

त्या दिवशी विषय निघाला तो शेजारच्या रेडिओवरून. अप्पा म्हणाले, "ऐक, ही आजकालची रेकॉर्डिंगं. पूर्वी वाजवणारे, गाणारी, सगळे एका खोलीत असत. व्हायोलिनवाला खोकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. आता कीबोर्डवाला सोमवारी येतो, गाणारी गुरुवारी येते. कानाला डबडी लावून एकेक ओळ गाते, आणि ओळी नंतर जोडतात. अरे, पुढच्या ओळीसाठी जिनं श्वासच घेतला नाही, तिचं गाणं पुढं जाणार कसं?" देवाप्पा म्हणाले, "अय्यो राव, तुझ्या वेळी सगळं सोनंच होतं काय? त्या भजनाच्या रेकॉर्डमध्ये तुझा तबलजी घोरतोय. तसाच विकला कंपनीनं." अप्पा म्हणाले, "घोरत होता. पण लयीत घोरत होता." मग दोघं इतके हसले की देवाप्पांना ठसका लागला. मला बरं वाटलं. आज दिवस चांगला आहे, आजच ऐकवावं, असं ठरवलं.

मी टेप लावायला उठलो तरी अप्पांचं चालूच होतं. "जाझमध्ये मला काय आवडलं माहीत आहे? वाजवणारा ठोक्याच्या जरा मागं राहतो. त्याला उशीर झालेला नसतो, तो आपखुशीनं थांबलेला असतो. आपल्या पोरी ठोका दिसला की सुटलेली बस पकडावी तशी त्याच्यावर उडी मारतात." मी म्हटलं, "अप्पा, एक नमुना आला आहे. पुण्याची नवी गायिका आहे." त्यांनी पट्टी पाहिली आणि ताठ बसले. चष्मा काढून खिशात ठेवला. ऐकताना ते चष्मा काढतात, तुला ठाऊक आहे.

पहिल्या गाण्याच्या आधी तुझा श्वास ऐकू येतो. तू तो कापला नाहीस. श्वास आला आणि अप्पांनी हात वर केला. मला वाटलं, ओळखलं. पण तो हात, कुणी बोलू नका, एवढ्यासाठीच होता. बास सुरू झाला तेव्हा देवाप्पांची बोटं मांडीवर चालू लागली. तू "उन्हात" या शब्दावर रेंगाळलीस, तिथं अप्पांचा तळवा खुर्चीच्या हातावर यायचा तो हवेत थांबला, आणि तू खाली आलीस तेव्हाच खाली आला. दुसऱ्या गाण्यातही तसंच. तू थांबलीस की तेही थांबत. मी गाण्यापेक्षा त्या हाताकडेच पाहत होतो. एक बाजू संपली. अप्पा म्हणाले, "उलटी करून लाव." ज्यांनी आयुष्यभर पहिल्या दोन मिनिटांत टेप बंद करायला लावली, त्यांनी तुझी दोन्ही बाजूंनी ऐकली.

आता त्यांचे शब्द, जसेच्या तसे. "हिला कुणी शिकवायला गेलं नाही, हे बरं झालं. शिकवलं असेल तर हिनं ते पचवलं आहे. सगळे एका खोलीत बसून वाजवलंय, जोड नाही. मराठी शब्द मराठीच राहिलेत, जाझचा टोप घातलेला नाही. आणि ही कुणाला खूश करायला गात नाही." देवाप्पा म्हणाले, "म्हणजे पास काय राव?" अप्पांनी माझ्याकडे कागद मागितला. मी वहीचं पान दिलं. त्यावर लिहिलं, "आवाज उत्तम. गाणं स्वतःचं." खाली सही केली. कंपनीतली, लांब शेपटीची, तीच सही. ते पान या पत्रासोबत ठेवतो आहे.

मग नियमाप्रमाणे पट्टी काढली. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि तुझं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. मी उभा होतो, देवाप्पा उभे राहिले. अप्पा म्हणाले, "सुखदा. माझ्या मुलीचंही नाव सुखदाच." आणि मग अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "तिचीही एक टेप आली होती माझ्याकडे. नंबर लावून. मी पहिल्या श्वासालाच ओळखली. पोटच्या पोरीचा श्वास कळत नाही होय? माझ्या आवडीच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून, मला आवडेल तसं गायली होती, सगळं माझं, तिचं काही नाही. पास केली असती तर जन्मभर माझ्यासाठीच गात बसली असती." देवाप्पा म्हणाले, "मग हे तिला सांगितलं का नाही?" अप्पा म्हणाले, "शेरा लिहिल्यावर बोलायचं नसतं." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आता शाळेतून येईल ती. आली की ही टेप तिला ऐकव. म्हणावं, असं गात जा."

देवाप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी टेप डब्यात घातली. दुसरं काय करणार?

अक्का, हे एकाएकी झालेलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून अप्पा अधूनमधून सकाळी कंपनीत जायला निघतात. तिथं आता बुटांचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस, त्यांना स्टुलावर बसवून मला फोन करतो. मला कधी सुशांत म्हणतात, कधी ऑफिसातला समजून चहा सांगतात. मी आणून देतो. डॉक्टर म्हणाले, वय आहे, हे मागं फिरणारं नाही, जरा सांभाळून घ्या. तुला लिहिलं नाही, कारण प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या महिन्यात बरं वाटेल तेव्हा लिहू.

त्या रविवारनंतर एकदा मी धीर करून खरं सांगितलं. म्हटलं, अप्पा, ती गायिका म्हणजे आपली अक्का. तुमचीच सुखदा. ते आधी हसले. मग तुझा फोटो दाखवला, तेव्हा घाबरले. एवढी मोठी बाई माझी मुलगी कशी, म्हणाले, मला फसवता तुम्ही, माझी मुलगी कुठे ठेवली ते सांगा. दारापर्यंत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले, पण मी विसरलो नाही. ते मी पुन्हा करणार नाही, आणि कुणाला करू देणार नाही. तुलाही नाही.

पण टेप मात्र ते विसरत नाहीत. बाकी सगळं जातं, आणि ही पुण्याची मुलगी राहते. रोज विचारतात, तिला बोलावलंस का? आपल्याकडे एक गाणं करू या, एका खोलीत, एका दमात. परवा त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगायला लावल्या, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून. देवाप्पांनी बास आणून ठेवला आहे. क्लॅरिनेटची पेटी अप्पांनी स्वतः काढली. वाजवता येईल की नाही, मला माहीत नाही. फुंक कमी पडते. पण बोटं बरोबर जागेवर जातात.

म्हणून हे पत्र. तू ये, अक्का, लवकर ये. उद्यान एक्सप्रेसनं आलीस तर मी स्टेशनवर येईन. पण लेक म्हणून येऊ नकोस. दारात त्यांना अप्पा म्हणू नकोस, सर म्हण. ते तुला अहो-जाहो करतील, बाई म्हणतील, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवतील. मीही त्यांच्यासमोर तुला अक्का म्हणणार नाही. हे मागणं फार आहे, मला कळतं. तुला नको वाटलं तर मी समजेन. त्यांना सांगेन की बाई दौऱ्यावर आहेत. आलीस तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाणं झाल्यावर प्रत्येक नव्या गायिकेला ते एकच प्रश्न विचारायचे, गाणं कुणाकडे शिकलात? तुलाही विचारतील. उत्तर काय द्यावं, यावर मी पुष्कळ विचार केला. मला सुचलं नाही. ते तुझं तू दे. मी त्या वेळी खोलीतच असेन.

तुझाच,
सुशांत