इरकली लुगड्यातली बाहुली

अण्णा, आज महालक्ष्म्यांपुढं आरास मांडली, तुमच्या सगळ्या बाहुल्या कपाटातून बाहेर काढल्या, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. पत्र कुठं धाडणार, हे काय मला कळत न्हाय व्हय! पण एक गोष्ट सांगायची राहून गेलीय, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून काही उपयोग नाही.

तुळजापुरातल्या आपल्या घरी यात्रेकरू उतरायचे. तुम्ही त्यांची पूजा सांगायचात, आई जेवू घालायची. निघताना यजमान विचारायचे, "पुजारीबुवा, पुढल्या खेपेला काय आणू?" तुम्ही म्हणायचात, "लेकीसाठी तुमच्याकडची एक बाहुली आणा." असं करत करत निर्मळकडची आली, बिदरची आली, विजापूरची आली. पंचवीस-तीस बाहुल्या माझ्या नावानं घरात आल्या, आणि मला मात्र एकीलाही हात लावायची चोरी! "डोळ्यानं बघायचं, हातानं न्हाय. घामानं रंग उडतो," असं दरडावायचात. लई राग यायचा मला. देवळातून आलात की ओसरीवरच्या काचेच्या कपाटासमोर पाट टाकून तुम्ही चहा घ्यायचात, आणि कोण कुठल्या गावची, कुणी आणली, तिथं पाऊसपाणी कसं असतं, ते सांगत बसायचात. तेवढ्या वेळापुरता माझा राग जायचा.

विजापूरची सगळ्यांत देखणी. तोंड लाकडी, डोळे काळेभोर, अंगावर वीतभर लालभडक इरकली लुगडं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्यात, घरात धुणंपुसणं चाललंय. भांडी निघाली, पाट निघाले, चादरी निघाल्या. आई म्हणते, महालक्ष्म्यांपुढं काही पारोसं ठेवायचं नाही. मी ते अगदी मनावर घेते. तुम्ही देवळात, आई विहिरीवर. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागं असते, हे मला केव्हाचं ठाऊक. विजापूरकरणीला मी परसात नेते आणि शिकेकाई लावून चांगली खसखसून न्हाऊ घालते. बादलीतलं पाणी लाल होतं, ते मी आळ्यात ओतते. दुसरी बादली घेते, तीही लाल. गच्चीवर वाळवून खाली आणली तेव्हा लुगड्याचा रंग धुतलेल्या गुलाबासारखा झालेला. अहो, कुठला गुलाब! चक्क विटकं फडकं. मी तिला गुपचूप जागेवर ठेवली.

संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलात आणि कपातला चहा तसाच राहिला. "हे काय झालं गं हिला?"

"उन्हानं विटलं असेल," मी म्हणाले.

तुम्ही मला रागावला असतात, दोन धपाटे घातले असतेत, तर बरं झालं असतं. तुम्ही स्वतःलाच बोल लावलात. "दारासमोर कपाट ठेवलं, माझीच अक्कल चरायला गेली!" दुसऱ्या दिवशी दोन माणसं बोलावून तुम्ही कपाट माजघरात, अंधाऱ्या भिंतीला नेलंत. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा पडदा शिवून घेतलात. पुढं बाहुल्या वर्षातले तीन दिवस, महालक्ष्म्यांपुढं, तेवढ्याच उजेडात यायच्या. आणि तुमचा चहा ओसरीवर, नुसत्या भिंतीकडं बघत. मला ते बघवायचं नाही. तरी तोंड उघडलं नाही मी. एका वाक्याचं काम होतं, अण्णा, आणि तुम्ही होतात तोवर ते माझ्यानं झालं नाही.

आता त्या बाहुल्या इथं धाराशिवला माझ्याकडं आहेत. कपाट खिडकीपासून लांब, पडदा ओढलेला, खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला. मागच्या महिन्यात पुण्याहून एक बाई आल्या होत्या, जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या. हातमोजे घालून एकेक बघितली. "इतकी वर्षं झाली आणि रंग अजून टवटवीत! कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणाले, वडिलांनी. मग त्या म्हणाल्या, सगळ्या घेईन, फक्त ही विटकी सोडून. माझं डोकंच फिरलं. "एकही द्यायची नाही!" म्हणून त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. माझ्या खोट्यापायी बाकीच्या टिकल्या, हे त्यांना काय सांगणार? आणि तुमचं बघणं गेलं, ते कुठल्या हातमोज्यांनी परत आणणार?

एवढं लिहून झालं होतं, तर नात येऊन शेजारी बसली. ती काही हात लावत नाही, मी तसा दमच दिलाय. आराशीकडं बोट करून म्हणाली, "आजी, सगळ्यांचे रंग छान आहेत, मग हिचंच लुगडं असं का गं?"

हा कागद मांडीवर उघडाच होता, अण्णा.

"उन्हानं, बाळा," मी म्हणाले.