ताईच्या दुर्बिणीतलं ऊन

३ नोव्हेंबर
शाळेच्या बागेत ताई आणि मी झोपाळ्याच्या दांडीवरून उलट्या लटकायचो. रिबिनी गवतात लोळायच्या, चॅपलचा मनोरा खाली आभाळात बुडायचा. मदर ओरडायच्या, उलटं बघणाऱ्या मुली सरळ वागत नाहीत म्हणून. आज ताईच्या घरी राहायला आले आणि गच्चीलगतच्या खोलीत तिची दुर्बीण बघून तेच आठवलं. हिच्यातही सगळं उलटंच दिसतं! भावोजींनी माझी बॅग स्वतः वर आणली. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची त्यांची सवय अजून तशीच. म्हणाले, मेव्हणीबाई, या घराला पुन्हा घरपण आणा. दुर्बिणीच्या नादात गच्चीच्या कठड्यावरून तोल जाऊन ताई कशी गेली, तेही पुन्हा सांगितलं. भाचीचा फोन आला, मावशी, आईची दुर्बीण तेवढी सांभाळ गं.

५ नोव्हेंबर
नवशिक्यांचीच दुर्बीण, पण लाडाने ठेवलेली. नळीच्या तळाशी मोठा आरसा, तोंडाशी छोटा तिरपा, आणि बघायचं बाजूच्या नेत्रिकेतून. मोठ्या आरशावर धूळ होती. तो पुसायचा नसतो, ओरखडे पडतात. गार पाण्याच्या धारेखाली धरला, वरून शुद्ध पाणी ओतलं, उभा करून वाळवला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं. भावोजी हसले, म्हणे दोघी बहिणी एकाच माळेचे मणी.

६ नोव्हेंबर
आरसे जुळवले. नेत्रिकेच्या जागी बारीक भोकाचं टोपण बसवायचं, त्यातून बघत स्क्रू फिरवायचे, आपलाच डोळा मधोमध येईपर्यंत. आला. पण बुबुळाच्या कडेला तिळाएवढा ठिपका. तो ताईच्या डोळ्यात होता, माझ्या नाही. मी मान हलवली. डोळा हलला नाही.
वय झालं, दुसरं काय.

१० नोव्हेंबर
दुपारी सरावासाठी लांबच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण लावली. टाकी नाही, आमचीच गच्ची दिसली, उलटी. कठड्यापासून एक बाई वर वर तरंगत चालली होती, मी विणलेल्या निळ्या स्वेटरमध्ये. किती सुंदर, असं वाटलं. मग कळलं. वर नाही. पडत होती.
कठड्यावर दोन हात, अजून पुढे पसरलेले. घड्याळ मनगटाच्या आत.

१२ नोव्हेंबर
रात्री झाकण घालते, स्टँडचे स्क्रू आवळते. सकाळी झाकण जमिनीवर आणि नळी खिडकीतून थेट सूर्याकडे. नेत्रिकेसमोरच्या पडद्याला जळकं भोक — भावोजींच्या डोळ्याच्या उंचीवर.

१३ नोव्हेंबर
भावोजी दुर्बीण विकणार. उद्या सकाळी स्वतः बघणार, चालते का. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, बघा की. डोळा अगदी टेकवून बघा हं, भावोजी.
झाकण मीच काढून ठेवलंय. ताई, आज गाढ झोपेन गं.

१४ नोव्हेंबर
बघितलं त्यांनी. ती किंकाळी — खाली नळाकडे धावले. मी खोलीची कडी लावली.
आता जिन्यावर — हात भिंतीला घासत — तुलाही तिच्याच वाटेने पाठवतो म्हणतायत —
कडी सरकतेय. मी नाही — ताई, त्यांना आत कशाला —
गच्चीचं दारही उघडलं.
हं. कळलं, ताई.
भाचीला दुर्बीण, टोपण, स्क्रूंची डबी. उरलेली निळी लोकर शेजारणीला. भावोजींना कठडा.
बाळा, आरसा पुसू नकोस, धू. टोपणातून एक डोळा दिसेल. आई आहे, घाबरू नकोस. दोन दिसले तर दुसरा मा—