दगडी शेजेवरची जागा

३ ऑक्टोबर १९५६
आज मी माझ्या स्वतःच्या घरी आले! व्हितेर्बोच्या अनाथाश्रमात उशीसुद्धा कधी माझी नव्हती. इथे अख्खी खोली आहे, नवरा आहे. ओरेस्ते बोलतो कमी, पण गाडीतून मला उचलून उतरवलं त्यानं. सासूबाईंनी, आर्जाबाईंनी, चेस्टनट घातलेलं चण्याचं सूप वाढलं. म्हणाल्या, "खा गं पोरी, नुसती हाडं दिसतायत." मागच्या कड्यात एत्रुस्कनांची, इथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची, थडगी कोरलेली आहेत. एकात आमची डुकरं, दुसऱ्यात वाईनची पिंपं.

९ ऑक्टोबर
वाईन आणायला गेले, तर पलीकडचं थडगं फळ्या ठोकून बंद केलेलं. फटीतून पाहिलं. दगडी शेजेवर दगडाचा पुरुष, ते जुने लोक जेवताना लवंडत तसा कोपरावर रेललेला. दुसरा हात कुणाच्या तरी खांद्यावर असावा तसा. पण खाली खांदाच नाही, करवतीचे व्रण आहेत. सासूबाई म्हणाल्या, तिथे त्याची दगडाची बायको होती. ओरेस्तेनं ती कापून परदेशी गिऱ्हाइकाला विकली. मी हसून म्हटलं, मेलेल्याचं काय जातंय? त्या हसल्या नाहीत.

१४ ऑक्टोबर
धुणं धुवायला गेले, तर एका बाईनं विचारलं, "तू तिसरी ना गं?" मला ठाऊकच नव्हतं. ओरेस्ते म्हणतो, एक तापानं गेली, दुसरी पळाली. बाई म्हणाली, "असेल बाई. आम्ही मात्र ना शवपेटी पाहिली, ना पळणारी."

१९ ऑक्टोबर
भर दुपारी पुन्हा फटीतून पाहिलं. रिकाम्या जागेवर केसांच्या पिना. वेण्यासुद्धा — एक काळी, एक लालसर. बाकी नुसती माती.
आणि तो हात खाली आलाय.

२० ऑक्टोबर
सासूबाईंना धरून विचारलं. रडल्या, पण सांगितलं. बायको नेली म्हणून तो दगडाचा पुरुष ओरेस्तेला न्यायला येतो. एखादी दिली की काही काळ गप्प बसतो. "पण तुम्ही मातीच्या गं. दगडाला किती पुरणार?"
मीच का, विचारलं.
"तुझ्यामागे रडायला कोण आहे? मला तर एकुलता एक आहे तो."
आणि मग माझ्या पानात वाढायला लागल्या.

२१ ऑक्टोबर
सकाळीच पळून निघाले. पुलावर ओरेस्ते उभा होता. रागावला नाही. हात धरून परत आणलं, लहान मुलीला आणावं तसं —

त्याच दिवशी
थडग्यात. वही अन् पेन्सिल एप्रनच्या खिशात राहिली. बाहेर ओरेस्ते फळ्या ठोकतोय. फटीतून अजून ऊन येतंय. ओरडून विचारलं, कधी तरी प्रेम होतं का रे? हातोडा थांबला. मग म्हणाला, "शाल घेतलीस ना? आत गार असतं."
शाल! —
मागे काहीतरी घासलं. बघणार नाही मी. बघणार —
खांद्यावर हात. गार असेल वाटलं होतं. गार नाही. कोमट आ