शेवटची सोळा पानं

लिहून ठेवते मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (नक्की आकडा सांगणारं आता कोणी उरलेलं नाही), धंदा पुस्तकबांधणी, हल्ली निवृत्त, की माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी एकटी म्हणत नाही. आमच्या डॉक्टरांनी आताच तपासलं. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "गुरुवार. आणि तुम्ही आमच्या वाचन मंडळाचं भुतांचं पुस्तक नेलंत त्याला आज आठ गुरुवार झाले." यावर त्यांनी 'स्मरणशक्ती उत्तम' असा दाखला लिहून दिला. पुस्तक दिलं नाही.

सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पोट माझं असल्यामुळे मी तसं म्हणत नाही. म्हणून आजच, कोणाच्या भरीला न पडता आणि कोणाला न घाबरता, माझ्यामागे कशाचं काय करायचं ते सांगून ठेवते. मला अक्षर ओळखता येत नाही. मी बोलते आहे आणि माझी नात टिटवी लिहिते आहे. मी बोलेन तेच लिहायचं, शहाणपणा करून सुधारायचं नाही, अशी तिला ताकीद आहे. कायद्याचे शब्द वकिलांच्या नमुन्यातले आहेत. मध्येच दिसले तर दचकू नये.

कलम एक. तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आणि आमच्या ह्यांच्या स्वकष्टाचं आहे. मागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलाला. पुढच्या खोलीचं काय, ते कलम सहामध्ये येईल. तोवर धीर धरावा. रहस्यकथा वाचणाऱ्यांना सवय असते, बाकीच्यांनी लावून घ्यावी.

कलम दोन. पुढच्या खोलीतलं लाकडी कपाट आणि त्यातली दोनशे बारा पुस्तकं, कलम तीनमध्ये वाटलेली सोडून, ही वाचन मंडळाची. मंडळ म्हणजे मी, टिटवी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, इस्पितळातल्या नर्सबाई आणि बसचे कंडक्टर. दर गुरुवारी चार ते सहा टिटवी मोठ्याने वाचते, आम्ही ऐकतो आणि मग भांडतो. तिच्याआधी नर्सबाई वाचायच्या, पण भुताच्या गोष्टीत त्यांना हसू आवरायचं नाही. म्हणायच्या, "मेलेली माणसं कधीच त्रास देत नाहीत हो, त्रास नातेवाइकांचा."

आमच्या मंडळाची एक रीत आहे, ती इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी मोडणार नाही. पुस्तक वरून एक दिसलं तरी आत सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात. आम्ही बांधणीवाले त्या घडीला फर्मा म्हणतो. फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस, वर पुठ्ठा, झालं पुस्तक. तर रहस्यकथा आली की मी टोच्याने दोरा उसवते, शेवटचा फर्मा काढते आणि बिस्किटांच्या डब्यात बंद करते. उरलेलं वाचून होतं. जिथे पुस्तक तुटतं तिथे प्रत्येकाने सांगायचं, खून कोणी केला आणि कशावरून. नुसतं नाव चालत नाही. आठ दिवस भांडायचं. पुढच्या गुरुवारी डबा उघडायचा. मग मी फर्मा जागच्या जागी शिवून टाकते.

डबा माझ्याचकडे का, असं कंडक्टरने एकदा विचारलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, शेवट उशाशी घेऊन झोपेल आणि तरी वाचणार नाही, अशी आपल्यात ही एकच बाई आहे."

कलम तीन. हत्यारं. टोचा, सुया, दोऱ्याची रिळं, सरसाचं भांडं आणि पुठ्ठे दाबायचं लोखंडी यंत्र टिटवीला. यंत्रात पापड दाबू नये. (लिही गं, हसतेस काय, तुझ्या आईने एकदा दाबलेत.) प्रेमकथा सगळ्या कंडक्टरला. त्या वाचताना त्याच्या डोळ्यांत दर वेळी कचरा जातो, सबब सोबत माझा जुना मऊ पंचाही द्यावा. भुताच्या गोष्टी नर्सबाईंना, त्यातली एक डॉक्टरांकडून वसूल करून. 'पहाटे उठा आणि आयुष्य बदला' छापाची सात पुस्तकं मला मास्तरांना द्यायची होती. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. हे कळल्याबरोबर मी मास्तरांना साक्षीदार केलं.

माझी खिडकीजवळची खुर्ची सूनबाईला. एकवीस वर्षं तिने मंडळाला चहा दिला आणि दर वेळी दारातून एवढंच विचारलं, "मेलं का कोणी?" आता बसून ऐकावं.

कलम चार. मास्तरांचा हिशेब. पहिल्याच गुरुवारी मास्तर मला म्हणाले होते, "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे." त्यानंतर आजवर मी एकोणीस खुनी ओळखले, मास्तरांनी चार. त्यातला एक पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सुरा घेऊन उभा होता.

शिवाय आज एक कबुली देते. सहा वर्षांमागे मी एकाच आठवड्यात दोन पुस्तकं उसवली होती. एक रहस्यकथा, रीतीप्रमाणे, आणि एक प्रेमकथा, तिची शिवण सुटली होती म्हणून. दोन्हींचे शेवटचे फर्मे सारख्याच जाडीचे. मी शिवताना अदलाबदल केली. गुरुवारी प्रेमकथा शेवटाला आली. नायिका धावत फलाटावर पोचते, पान उलटतं, आणि इन्स्पेक्टर म्हणतो, "विष दुधात नव्हतं, कपाच्या कडेला होतं." मला चूक तिथेच कळली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर खुर्चीत सरसावले. प्रेम हेच कसं विष आहे, आणि ऐन शेवटी सगळ्या पात्रांची नावं बदलणं हे लेखकाचं केवढं धाडस आहे, यावर ते पाऊण तास बोलले. कंडक्टरने टिपणं काढली. एवढं रंगलेलं भाषण मोडायचं पाप मी केलं नाही. आज करते. मास्तर, सही या पानावरही करायची आहे.

कलम पाच. मुलाचा हिशेब. माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो. साऱ्या जगाला वाचायचे चष्मे देतो आणि स्वतः गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, चार वाजले की मागच्या खोलीत जाऊन बसतो. तो नऊ-दहा वर्षांचा होता तेव्हा मला तोच वाचून दाखवायचा. बांधायला आलेलं पुस्तक परत जायच्या आत आम्ही उरकायचो. माझे हात शिवत असायचे, त्याची जीभ चालायची. त्याचं लक्ष बाहेर खेळणाऱ्या पोरांकडे, हे मला दिसायचं. पण पुस्तकं तो पुरी करायचा. एक जहाज बुडालं होतं, त्यातली सगळी माणसं पोहत काठाला आली, जेवली आणि झोपली. एक दरोडेखोर शरण आला, जेवला आणि झोपला. मला वाटायचं, सगळे लेखक एकाच घरचे असावेत.

मग दहा वर्षांमागे तेच जहाजाचं पुस्तक मंडळात आलं आणि टिटवीने ते शेवटपर्यंत वाचलं. कोणीही काठाला आलं नाही. तीस वर्षं माझ्या डोक्यात जिवंत असलेली माणसं एका दुपारी बुडाली. मी दोन दिवस नीट जेवले नाही. लबाडाने चाळीसेक पुस्तकांचे शेवट मला आपल्या मनचे खपवले होते. मी त्याला हे कधी बोलून दाखवलं नाही. आता लेखी देते.

कलम सहा. पुढची खोली. मुलाला तिथे स्वतःचं चष्म्याचं दुकान थाटायचं आहे. जागा रस्त्यावरची आहे, इच्छा वाईट नाही. पण मागच्या महिन्यात तो म्हणाला, "आई, तुझ्यामागे कशाला हवंय ते मंडळ?" सहज म्हणाला असेल. मला लागलं. सबब पुढची खोली मी मुलाला देत नाही. ती मंडळाला देते. त्याने दुकान दुसरीकडे बघावं.

आणखी एक नोंद. सध्याचं पुस्तक आज दुपारीच तुटलं. म्हातारा न्यायाधीश टेबलाशी मेलेला सापडला आहे, डोळ्यांवर चष्मा, हातात पत्र. पत्र वाचून धक्क्याने गेला असं घरचे म्हणतात, पण पेल्यात विष निघालं आहे. फर्मा डब्यात आहे. पुढच्या गुरुवारी मी नसले तर माझा अंदाज गृहीत धरावा. खून डॉक्टरने केला.

(इथे साक्षीला बसलेले आमचे डॉक्टर म्हणाले, "आजी, डॉक्टर कधीच नसतो हो." मास्तर म्हणाले, "माळी." मास्तर नेहमी माळी म्हणतात, पुस्तकात बाग नसली तरी.)

(आणि मागच्या दारातून आवाज आला, "डॉक्टर नाही आणि माळी नाही. आई, चष्मा चुकीचा आहे."

दारात मुलगा उभा. टिटवी, सगळं लिही, गाळू नकोस.

तो म्हणाला, "त्या माणसाचे दोन चष्मे आहेत. हा दूरचा आहे. चौथ्या प्रकरणात तो हाच चष्मा लावून गच्चीवरून टेकडीवरची माणसं मोजतो. त्या वयाचा माणूस दूरच्या चष्म्याने पत्र वाचेल कसा? त्याने पत्र वाचलंच नाही. मेल्यावर कोणीतरी पत्र हातात दिलं आणि हाताला लागला तो चष्मा चढवला. दोन चष्म्यांतला फरक कळत नाही असा त्या घरात एकच आहे, तरणा पुतण्या."

मास्तरांनी स्वतःचा चष्मा काढून पाहिला.

मी विचारलं, "तुला चौथं प्रकरण कसं ठाऊक रे?"

"मधली भिंत फळ्यांची आहे, आई. एकवीस वर्षं ऐकतोय."

"मग आत यायला काय झालं होतं? पाय मोडले होते?"

तो म्हणाला, "आलो असतो, तर तू विचारलं असतंस, त्या जहाजाचं नक्की काय झालं."

"आणि मंडळ कशाला हवं म्हणालास ते?"

"तू नसताना भिंतीपलीकडे बसून ऐकवणार नाही मला," तो म्हणाला.

टिटवी, नाक पूस आणि पुढे लिही.)

कलम सहा, दुरुस्त. वरचं कलम सहा रद्द समजावं. पुढची खोली मुलाला. दुकान थाटावं. गुरुवारी चार ते सहा गिऱ्हाईक घेऊ नये, मंडळ चष्म्यांच्या मध्येच बसेल. पहिल्या गुरुवारी मास्तरांचे डोळे तपासावेत, म्हणजे त्यांना माळ्याखेरीज कोणी दिसू लागेल.

कलम सात, आणि शेवटचं. जहाजाचं काय झालं, ते मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. मी ते परत विचारणार नाही. तुझाच शेवट मला जास्त आवडला होता, पण हे कंडक्टरला सांगू नये, तो रडेल.

बिस्किटांचा डबा मी आज, साक्षीदारांसमोर, मुलाच्या हातात दिला आहे. गुरुवारपर्यंत त्याने तो उघडायचा नाही. मी जन्मभर शेवट न वाचता ठेवले, त्याला सात दिवस जमावं. गुरुवारी मी परत आले तर खुर्चीत बसून ऐकेन आणि सूनबाईने स्टूल घ्यावं. नाही आले तर सूनबाईला खुर्चीत बसवावं, आणि शेवटची सोळा पानं टिटवीने नाही, मुलाने वाचायची. मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. या खेपेला एकही ओळ गाळायची नाही आणि कोणालाही जेवून झोपवायचं नाही. माणसं मरत असली तर मरू द्यायची.

वरचा सगळा मजकूर टिटवीने मला दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा तोच निघाला. म्हणून अंगठा उठवते.

निशाणी डावा अंगठा (सुयांनी टोचून बारीक खडबडीत झालेला, दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नाही)

लिहिणार: टिटवी, नात. आजी बोलली तसंच लिहिलं. पापडही.

साक्षीदार एक: मास्तर. सही केली आहे. कलम चार अमान्य. ते भाषण पाऊण नव्हे, अर्ध्या तासाचं होतं. खून माळ्यानेच केला.

साक्षीदार दोन: डॉक्टर. सही केली आहे. भुतांचं पुस्तक उद्या आणून देतो.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: चौदा, गुरुवार, संध्याकाळचे सव्वासहा. मंडळाची वेळ संपली आहे, पण कोणी उठत नाही.