दोघींसाठी वेगवान नाव

चिचटोला, जि. गडचिरोली
४ नोव्हेंबर २०२४

ति. हेमराज मामांस,
मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. गावचा टॉवर उभा आहे, पण चालू झालेला नाही, म्हणून पत्र. आई म्हणते, अक्षर नीट काढ, तुझा मामा नावा दुरुस्तीच्या शेडमधल्या सगळ्यांना वाचून दाखवतो. तसं असेल तर हे पत्र दाखवू नका.

धरणावरच्या आमच्या नौकानयन केंद्राला एक नवी नाव मंजूर झाली आहे. एकच. दोघांनी चालवायची, शिडाची, आताच्या रुंद नावांपेक्षा वेगवान. राजदीप सरांनी दोन प्रकार समोर ठेवले आहेत. एक चारशेवीस, दुसरी ट्वेंटीनाइनर. बाबा म्हणाले, चारसौबीस नावाची वस्तू घरात कोन आनते? दुसरी अरुंद आहे. थांबली की पडते, चालत असली तरच उभी राहते. मला ती हवी.

काकांची दिव्यानी आणि मी वारा बरोबर पकडतो आणि तरी मागे राहतो. मागच्या वर्षीच्या स्पर्धेत पुण्याच्या पोरींकडे बघून दिव्यानी म्हणाली होती, त्या नाव चालवून राह्यल्या अन् आपण नाव वाहून राह्यलो. एप्रिलमध्ये तुमच्याकडे सिकंदराबादला निवड आहे. निवडलेल्यांना चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळते. जागा जोडीला असते, एकटीला नाही. निवड झाली नाही तर बारावीनंतर मी इथेच. घर, धरण, घर.

दिव्यानी उंच आहे, म्हणून डोलकाठीच्या तारेवर, बाहेर लटकून नाव तोलायला, ती आणि सुकाणूवर मी. तारेचा सराव आम्ही केंद्राच्या ओट्यावर करतो. चिंचेच्या फांदीला दोर बांधायचा, कमरेच्या पट्ट्याचा आकडा त्यात अडकवायचा, ओट्याच्या कडेला पाय रोवायचे आणि मागे झुकायचं. भैयाजी काका येता जाता म्हणतात, दादाची पोरगी बसाले अन् माही लटकाले. वडिलांचं ऐकून दिव्यानी पट्ट्याचा आकडा चाचपते.

अडचण खुंटाची आहे. जुन्या नदीच्या पट्ट्यात तेवढं मोकळं पाणी आहे, बाकी सगळीकडे बुडालेले साग उभे आहेत. त्या मोकळ्या पाण्याच्या मधोमध आपला खुंट, पाण्यावर डोकावणारा एकटा वाळका साग. बाबांचा आणि काकांचा सामाईक. तो निघाला तर वेगवान नावेला सरळ धाव मिळेल, असं सर म्हणतात. परवानगी ते काढतील. पण ज्या घरांचं जाळं त्याला बांधलेलं असतं त्यांनी हो म्हटल्याशिवाय खुंटाला कोणी हात लावत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. काका नाही म्हणाले. बाबा उठून डोंग्याकडे गेले.

तुम्ही दोन्ही नावा उघडून दुरुस्त केल्या आहेत. सर तुमचं ऐकतील. त्यांना लिहा.

मामींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू द्या.

तुमची भाची,
मयुरी

सिकंदराबाद
१६ नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शेडमध्ये दाखवलं नाही. फक्त मामीने वाचलं. ती म्हणाली, पोरगी विचारत नाही, सांगते.

ट्वेंटीनाइनर चांगली नाव आहे. सरळ पाण्यात तिच्यासारखी मजा नाही. पण ती उलटली की पुरती पालथी होते आणि डोलकाठी खाली जाते. इथे खाली चिखल आहे. तुझ्याकडे जंगल आहे. आणि तिला धाव लागते. एवढ्याशा पट्ट्यात शीड भरेपर्यंत काठ येईल, मग वळायचं, परत काठ. वेगवान नावेत बसल्यावर धरण मोठं होईल असं तुला वाटतं. ते लहान होतं.

चारशेवीस संथ नाही. तीही तारेवरच चालते. चुकलं तर थोडी सवड देते, इतकंच.

तुझ्या पत्रात दिव्यानी जे बोलते ते मागच्या वर्षीचं आहे. आत्ता ती काय म्हणते? गेल्या माघात नाव कलंडली आणि ती शिडाखाली सापडली होती, हे मला तुझ्या आईने कळवलं होतं. तू नाही. मी तुला रागावत नाही. दोघींची नाव आहे, म्हणून विचारतो.

सरांना लगेच लिहीत नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे.

ताईला सांग, सुकट पोचली. शेजाऱ्यांनाही पोचली, वासाने. आमची आठवण ठेवा.

तुझा मामा,
हेमराज

चिचटोला
२ डिसेंबर २०२४

चि. हेमराजले,
शकुबाईचा आशीर्वाद.

मी बरी हावो. तुहं पत्र मयुरीनं वाचलं अन् फडताळात ठेवून देलं. उत्तर लिहाचं म्हणलं तं म्हणते, मामा बी त्यायच्यातलाच. म्हून मी लिहून राह्यली. सातवीपर्यंतचं अक्षर हाय, हासू नोको.

घरात कोनी भांडत नाई. भांडले असते तं बरं झालं असतं. तुहे भाऊजी जेवतात अन् उठून डोंग्याकडे जातात. पोट्टी त्यायच्या तोंडाकडे पाहाते. ते ताटाकडे पाहातात. त्यायच्या मनात हो हाय, मले माहीत हाय. पन खुंट अर्धा भैयाजीचा. लहान्या भावाले मोडून हो कसं म्हनाचं? त्यायच्या बापानं त्याच खुंटाले पह्यलं जाळं बांधलं होतं.

आता दुसरी गोष्ट. ते मयुरीले सांगजो नोको. भैयाजी नाई म्हणते ते जाळ्यासाठी नाई. दिव्यानीनं त्याले तसं म्हनाले लावलं. मी परसात भांडे घासून राह्यली होती, कुडाच्या तिकडे ते दोघं. पोट्टी म्हणे, बाबा, तुमी नाईच म्हना, काऊन ते इचारू नोका. भैयाजीनं इचारलं नाई. तो बाप्पा तोंडाचा वाईट हाय, मनाचा नाई.

आता मी दोघींले एकाच ताटात भात वाढतो अन् एकीचं एकीले सांगत नाई. मले ह्या घरात धाप लागल्यावानी होते. तू शहाना हायेस, तूच काई सुचव.

तुह्या लेकराले पापा. बहिनीले इसरू नोको.

तुही मोठी बहीन,
शकु

चिचटोला
९ डिसेंबर २०२४

ति. मामांस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मयुरीचे मामा, पण लहानपणापासून मीही मामाच म्हणते, म्हणून लिहिते.

मोठ्या आईंनी तुम्हाला कळवलं असणार. कुडाच्या पलीकडे भांडी घासल्याचा आवाज मध्येच थांबला होता.

माघात मी शिडाखाली होते तेव्हा अंधार नव्हता. शीड पांढरं होतं आणि वरून ऊन होतं. तोंडापुरती हवा होती. आकडा दोरीत अडकला होता, तो मी लगेच सोडवला. वरून मयुरी मला हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. मी ओ दिली नाही. तिथे कोणी मला ओढ, सोड, झुक म्हणत नव्हतं. मग शीड उचललं आणि सगळे रडत होते. मी घाबरले होते असं सगळ्यांनी ठरवलं. मीही तेच सांगितलं.

तेव्हापासून मला नावेत बसायचं नाही. पाण्याची भीती नाही. ढिवराच्या पोरीला कसली भीती? मला फक्त तिच्या दोरीला लटकायचं नाही. पण मी सोडलं तर जोडी मोडते आणि तिची जागा जाते. घरात, शाळेत, सगळीकडे आमची नावं एकत्र घेतात. मी एकटी कुठे गेले तर लोक विचारतात, दुसरी कुठी हाय?

वेगवान नाव आली तर सराव रोज होईल. संथ आली तर अजून एखादं वर्ष निभेल. तुम्ही सरांना चारशेवीस लिहा. कारण काहीही लिहा.

काही जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला आणि मलाही भाचीच समजा.

दिव्यानी

सिकंदराबाद
२० डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सरांना आज चारशेवीस लिहिलं. सोबत कारणंही लिहिली. सगळी खरी आहेत. त्यातलं तुझं एकही नाही.

पण तिलाही तार आहे, पोरी. तार नसलेली वेगवान नाव माझ्या शेडमध्ये नाही.

मयुरीला मी सांगणार नाही. सांगायचं तर तू सांग, आणि काठावर सांगू नकोस. काठावर ती उठून जाते. आईवर गेली आहे.

तब्येत सांभाळ. भाचीच आहेस.

मामा

चिचटोला
१४ जानेवारी २०२५

ति. मामांस,
मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तर लिहिलं नाही म्हणून रागावला असाल. रागवा.

बाबांनी खुंट कापला.

कोणाला सांगितलं नाही. काका लग्नाला आलापल्लीला गेले होते. बाबा आणि जाळ्यावर सोबत येणारा झिंगू दोघं डोंगा घेऊन गेले. धरण भरलेलं आहे, तरी वाकून, हात पोचेल तितकं खाली करवत चालवली. बुडालेला साग दगडासारखा होतो, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला डोंग्यात बसवून नेलं. म्हणाले, पाहाय, आता इथी काईच नाई. त्या जागेवरून त्यांनी डोंगा आडवा नेला, मग उभा नेला. डोंगा कुठे लागला नाही. त्यांचे तळवे फाटले होते. महिन्याभरात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

मामा, डोंगा वीतभर पाण्यात चालतो. आमच्या नावेची पोटातली फळी कमरेइतकी खाली जाते.

आधी खुंट दिसायचा आणि सगळे वळायचे. आता तो हातभर पाण्याखाली आहे आणि कोणाला दिसत नाही. मी त्यांच्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हटलं, चांगलं झालं, बाबा.

सरांनी तिथे डबा तरंगत ठेवला. वाऱ्याने तो सरकतो. पाणी उतरेपर्यंत बुडखा काढता येणार नाही. ट्वेंटीनाइनरची फळी सरळ खोवलेली असते. तशा वेगात ती बुडख्यावर आपटली तर तारेवरची पोरगी कुठे जाऊन पडेल, हे सरांनी मला फळ्यावर काढून दाखवलं. चारशेवीसची फळी बिजागरीवर असते. लागली की आपोआप वर उचलली जाते. तुमचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. पण मी ते वाचण्याआधीच चारशेवीस म्हणाले होते. तुम्ही जिंकलात असं समजू नका.

बाबांना सांगितलं, तुम्ही वाट काढली म्हणून नवी नाव येते आहे. ते खूश आहेत.

काका परत आल्यापासून बाबांशी बोलत नाहीत. अंगणात मधोमध जाळं वाळत घालतात, पलीकडचं दिसू नये असं. आता ते जाळं बांधायला जागा नाही, दोन्ही घरांना.

आईचा नमस्कार कळवते. तुम्ही अबोला धरू नका, इथे पुष्कळ आहे.

मयुरी

चिचटोला
१६ मार्च २०२५

ति. मामांस,
मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

नाव आली. पांढरी आहे. गावातली पोरं तिला बगळा म्हणतात. शेजारच्या सोमारी आजीने हळदकुंकू लावलं ते अजून निघत नाही.

तिसऱ्या दिवशी धरणाच्या मध्यात दिव्यानीने आकडा काढला आणि नावेच्या तळाशी बसली. वारा पडला होता. काठ सगळीकडून सारखाच लांब होता. तिने मला सगळं सांगितलं. माघातलं, काकांना नाही म्हणायला लावलं ते, तुम्हाला लिहिलं ते. मी तिला खूप बोलले. ते इथे लिहीत नाही. मला उठून कुठेतरी जायचं होतं आणि जायला जागा नव्हती. शेवटी वारा आला तेव्हा दोघीही दोऱ्यांना हात लावत नव्हतो. नाव आपोआप गोल फिरत होती. काठावरून सर शिट्टी मारत होते.

मी तिला म्हटलं, तू सोड. ती म्हणाली, मी सोडलं तर तुही जागा जाते, मंग जन्मभर माह्याकडं अशीच पाहाशील. मी म्हटलं, लटकायचं नाही तर सुकाणू धर. रागानेच म्हटलं. तिने धरलं.

आता ती सुकाणूवर आणि मी तारेवर. सर म्हणतात, हे उलटं आहे. मी बुटकी, हलकी, नाव माझ्याने पुरेशी तोलली जात नाही. तिचा हात सुकाणूला नवा. एप्रिलमध्ये तुम्ही शेवटच्या येणार, असं त्यांनी सरळ सांगितलं. तरी नावं धाडली आहेत, जोडीची. तारेवर लटकून ओढ, सोड, झुक ऐकताना तिला कसं वाटत असेल, ते मला आता कळतं. ती मात्र तसं काही म्हणत नाही.

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, नाव कशी चालते? मी सांगते, एकदम सरळ. पाणी उतरतं आहे. वैशाखात बुडखा वर येईल आणि त्यांना दिसेल. तोपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवते आहे.

घरात दिव्यानी आणि मी बोलत नाही. आई मधे ताटं ठेवून थकली. नावेत मात्र इलाज नाही. वळण्याआधी तिला विचारावंच लागतं, वळू का. मला हो म्हणावंच लागतं, नाहीतर मी पाण्यात. दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच.

काल वारा चांगला होता. तिने पुष्कळ वेळा विचारलं.

एप्रिलमध्ये भेटू. शेवटच्या आलो तरी स्टेशनवर न्यायला या, आणि दोघींनाही घरी न्या.

तुमची,
मयुरी