सुर्ल्याच्या गवताचं नाव

प्रिय सर,

आज प्राचार्यांनी तुमचा विषय पुन्हा सुरू करायला होकार दिला. मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण खरं सांगू? डोकं फिरलंय माझं! म्हणून तुम्हालाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला कळणार हे?

तुम्ही देवाघरी गेलात आणि डिचोलीच्या आपल्या कॉलेजातून वनस्पतींचं वर्गीकरण काढूनच टाकलं. "बाई, झाडांची नावं पाठ करायचे दिवस गेले," प्राचार्य म्हणाले. "पान पाठवलं की डीएनएवरून सगळं कळतं."

अहो, पण ते ताडून बघायला आधी कुणीतरी झाड ओळखलेलं लागतं ना! किती वेळा सांगितलं मी. भिंतीशी बोलले असते तर बरं.

राग तुमचाही येतो. पेडण्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर गुडघे टेकवून एकेक फूल भिंगाखाली बघायला शिकवलंत, पण कुणी चुकलं की केवढे ओरडायचात! मुलं घाबरून मायक्रोबायोलॉजीकडे पळाली. उरले ती मी एकटी. असं करतात का, सर?

मग यंदा सुर्ल्याचे शेतकरी आले. बंद खाणीच्या ढिगाची माती दर पावसात त्यांच्या भातशेतीत उतरते. ढिगावर लावलेली झाडं टिकली नाहीत. ढिगाच्या एका बाजूला मात्र कसलंसं गवत आपोआप रुजलं होतं आणि तिथली माती जागची हलली नव्हती. त्यांना त्याचंच बी हवं होतं. पण गवत कुठलं? प्राचार्यांनी पान तपासणीला पाठवलं. उत्तर आलं, जुळणारा नमुना उपलब्ध नाही.

तेव्हा आठवण झाली माझी!

विद्यार्थिनींना घेऊन मी ढिगावर गेले.

"मॅडम, हें तण न्हय?" सान्वीने विचारलं.

"भिंग घे आनी पळय."

कुसळं, तुसं, सगळं तपासलं. कॉलेजात येऊन तुम्ही वाळवून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडलं. "मेळ्ळें!" सान्वी किंचाळलीच. नमुन्यावर तुमच्या अक्षरात नाव होतं आणि जागाही: हे गवत पेडण्याच्या सड्यावर भरपूर उगवतं. म्हणजे बी कुठून आणायचं, तेही कळलं.

"हो विशय तुमी बंद कित्याक केलो?" शेतकऱ्यांनी प्राचार्यांना तोंडावर विचारलं.

आणि आज प्राचार्य मला काय म्हणतात? "बाई, मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." ऐकताय ना!

सर, एक वचन देते. हे सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात ठेवून मी जाणार नाही. चांगल्या चार-पाच जणी तयार करीन. माझी चूक माझ्या तोंडावर दाखवेल अशी एक तरी त्यांत असेल.

तुमची वैतागलेली विद्यार्थिनी,
नीलिमा