आधी कुठे शोधायचं

प्रिय एवारिस्तो,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. दचक. राजधानीतल्या तुझ्या नव्या पदाची बातमी इथल्या पेपरातही आली. लोक मला ती मुद्दाम आणून दाखवतात.

मी आता शाळेत मुलांना संगणक शिकवते. नदीच्या कार्यालयातून काढलेल्या बाईला दुसरं कोण ठेवून घेणार? चौकशीच्या कागदावर लिहिलंय, ‘एकाच यंत्रावर दोन पॅकेज मॅनेजर चालवायची परवानगी ओफेलिया सारातेने दिली.’ खोटं नाही ते, सही माझीच. मॅनेजर म्हणजे यंत्रात सॉफ्टवेअर आणून बसवणारा प्रोग्राम; मूळचा जुनं पण पारखलेलं बसवायचा, आणि तुला पुराच्या गणितासाठी सगळं ताजं हवं होतं. “अगं बाई, माझा दुसरा मॅनेजर वेगळ्या कप्प्यात राहील. एका घरात दोन चुली पेटत नाहीत का?” म्हणालास. मी म्हटलं, पेटू देत, पण यंत्राने कुठलीही गोष्ट आधी मूळच्या कप्प्यात शोधायची, तुझ्या कप्प्यात शेवटी. दोन वर्षं छान चाललं. तुझी गणितं पळत होती, नदी चढली की खालच्या वस्तीला सावध करणारा माझा भोंगा वाजत होता. त्याच दिवसांत तू तुझं सामान माझ्या घरी आणलंस.

मग राजधानीची माणसं तुझं काम बघायला आली. त्यांच्यासमोर सगळं ताजंच चालावं म्हणून तू गुरुवारी यंत्रातली, आधी कुठे शोधायचं ते ठरवणारी ती एक ओळ फिरवलीस आणि तुझा कप्पा पहिला केलास. रविवारी दुपारी नदी चढली. भोंग्याच्या प्रोग्रामने तुझ्या कप्प्यातली नवी आवृत्ती उचलली, आणि तिच्यात पाण्याच्या मापकाशी बोलणारा भाग तू बसवलाच नव्हतास. प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला. खालची वस्ती भरपेट जेवून झोपली होती. बाकीचे कसेबसे निघाले. म्हाताऱ्या हेर्मेलिंदाबाईला खाटेवरून उठताच येत नव्हतं.

संध्याकाळी चिखलाच्या पायांनी येऊन तू ती ओळ माझ्यादेखत पूर्ववत केलीस. “आता बोलून म्हातारी परत येणार आहे का?” म्हणालास. मी तुझ्या पायांवर पाणी ओतलं. चौकशीत मात्र तुला कंठ फुटला. “यंत्र तिच्या ताब्यात होतं साहेब, मी नुसता वापरणारा.” दार उघडं होतं, एवारिस्तो, मी बाहेर बसून ऐकत होते. तीन आठवड्यांनी तू शिष्यवृत्ती घेऊन बसमध्ये चढलास.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी हेर्मेलिंदाबाईची मुलगी रामोना पोराचे मार्क बघायला शाळेत आली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, “बाई, मला कुणाचं काही नको. भोंगा का वाजला नाही, तेवढं सांगा.” पुराच्या आदल्या दिवशी, शनिवारी घेतलेली यंत्राची नक्कल माझ्याकडे होती. ओळ कुणी बदलली, कधी बदलली, सगळं तिच्यात आहे. मी ती रामोनाच्या हातात दिली.

सोबत माझा जबाबही दिला. पुराआधी, शुक्रवारीच ती फिरवलेली ओळ माझ्या नजरेस पडली होती. मी दुरुस्त करायला बसले, तर तू मागून गळ्यात हात टाकून म्हणालास, “राहू दे गं, सोमवारी मीच बदलतो.” मी उठले. तेही लिहिलंय, जसंच्या तसं.

रामोनाने ते सगळं कोर्टात नेलं, आणि न्यायाधीशांनी बारा तारखेला आपल्या दोघांनाही बोलावलंय. समन्स येईलच, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. रामोना विचारत होती, तो येईल ना? मी हो म्हटलंय.

एके काळी तुझीच असलेली,
ओफेलिया